फाटकावरच्या मावशी

बालवाडी सुटली की फाटकाचं एकच दार उघडायचं, तेही अर्धं. त्या अर्ध्या दारात मावशी उभ्या असायच्या. बाहेर आया, वडील, आजोबा आणि पोरं सांभाळणाऱ्या मुली यांची गर्दी, तर आत पाठीला दप्तरं लावून चुळबुळ करणारी पोरं. मावशी बाहेरच्या चेहऱ्यावर एक नजर टाकायच्या, आत वळून हाक मारायच्या आणि पोराचा हात न्यायला आलेल्याच्या हातात द्यायच्या. एकदा एका पोराचा काका खाऊ घेऊन दारात आला. पोरगं "काका, काका" करत धावलं, तरी घरून निरोप येईपर्यंत मावशींनी त्याला सोडलं नाही. काका लालबुंद झाला. "लाल व्हायचं तर व्हा, पोर इथंच राहील," असं म्हणून मावशींनी त्याला बसायला स्टूल दिलं.

अशा मावशींचं काहीतरी बिनसायला लागलं ते हळूहळू. आधी घरी मालिका बघताना गोंधळ व्हायचा. "ही कोण?" त्या नवऱ्याला विचारायच्या. "तीच ती." "तीच म्हणजे कोण?" नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा आणि मशीनपेक्षाही कमी बोलायचा. तो "सून" एवढंच म्हणायचा आणि मावशी पुढचा भाग कपाळाला आठ्या घालून बघायच्या.

मग एकदा शाळेतल्या हात धुवायच्या खोलीत समोरून एक बाई आली. तिला वाट द्यायला मावशी डावीकडे सरकल्या, तर ती बाईही तिकडेच सरकली. "या ना, तुम्ही आधी," म्हणत मावशींनी हात पुढे केला, तो गार काचेला लागला. आपण आरशाशी बोलतोय हे कळल्यावर त्या एकट्याच खो खो हसल्या. घरी मात्र काही सांगितलं नाही.

हसू थांबलं ते एका साध्याशा दुपारी. फाटकात एक म्हातारा येऊन उभा राहिला आणि नुसता हसला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. "कोण हवंय?"

म्हातारा हसतच राहिला.

"आजोबा, कोणाला न्यायला आलात? नाव सांगा. असं नाही सोडत आम्ही."

"काय मावशी, आज माझीच फिरकी घेताय होय?" म्हातारा म्हणाला आणि तो आवाज कानावर पडताच मावशींना लख्ख कळलं. हे तर रोज येणारे आजोबा! नातीसोबत त्यांच्या हातावरही आपण गोळ्या ठेवतो. रोजची चौकड्यांची टोपी तेवढी आज डोक्यावर नव्हती.

त्यांनी नातीला आजोबांच्या हवाली केलं, बाकीची पोरंही एकेकाला नाव विचारूनच सोडली आणि दार लावून त्या पायरीवर बसल्या. आजोबांना अडवल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. भीती वेगळीच होती. गेले कितीतरी दिवस आपण चेहरे बघतच नव्हतो. टोपी, छत्री, लाल स्कूटर, पोरगं कोणाकडे धावतंय, एवढ्यावरच पोरं देत होतो. उद्या दुसऱ्याच कोणी तशी टोपी घातली तर?

त्या उठल्या आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. या बाईंनीच शाळा काढली होती.

"बाई, मला फाटकावरून काढा."

"का हो? कोणी काही बोललं का?"

"मला माणसं ओळखू येत नाहीत."

"मग चष्मा बदलून घ्या."

"दिसतं हो सगळं. तुमच्या भुवईवरचा तीळ दिसतो, नाक दिसतं, डोळे दिसतात. पण ते सगळं मिळून तुम्ही आहात, हे तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा कळलं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथं मावशींनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळही घडाघडा वाचली. डॉक्टरांनी बाकीची हकिकत ऐकून घेतली आणि त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तपासणीत निघालं की मेंदूच्या आवरणावर, उजव्या बाजूला मागे आणि खाली, एक गाठ आहे. सावकाश वाढणारी, बहुधा साधी. पण ती नेमकी तिथंच दाबत होती, जिथं दिसलेल्या चेहऱ्याची ओळख पटते.

"डोळे आपलं काम चोख करताहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निरोप पुढे पोचत नाहीये. गाठ काढावीच लागेल."

"मग ओळखता येईल?"

"थोडंफार येईल. सगळं येईल असं खोटं सांगणार नाही."

ऑपरेशन नीट पार पडलं. मावशी शुद्धीवर आल्या तेव्हा खाटेजवळ एक माणूस बसला होता. "भाऊ, घोटभर पाणी देता?" त्यांनी विचारलं. त्यानं पाणी पाजलं. "आणि माझे मिस्टर बाहेर बसलेत का, बघता जरा?"

माणूस पेला खाली ठेवून खाटेवर वाकला. मग म्हणाला, "अगं, मीच."

मावशींनी त्याचा हात चाचपला. मशीनच्या कामानं खरखरीत झालेली ती बोटं त्यांच्या ओळखीची होती. "मग आधी बोलायचं नाही का हो?"

"काय बोलू?"

"काहीही बोला. पण बोला."

तेव्हापासून तो दारातूनच बोलत येऊ लागला. "मी आलोय. आज एक मशीन आलं होतं, आत उंदरानं घर केलेलं." सुरुवातीला दोन वाक्यांतच त्याला धाप लागायची. पुढे इतकी सवय झाली की मावशींना "आता जेवा" म्हणावं लागे. उभ्या संसारात ऐकलं नव्हतं तेवढं त्याच्या दुकानाबद्दल त्यांनी त्या एका वर्षात ऐकलं.

चेहरे मात्र परत आले नाहीत. वस्तू, रस्ते, अक्षरं, सगळं शाबूत होतं. माणसं तेवढी तोंड उघडेपर्यंत परकी वाटायची. मोठ्या बाईंनी त्यांना फाटकाऐवजी पोरांच्या झोपायच्या खोलीत काम दिलं. पोरांनी ही गोष्ट मोठ्यांपेक्षा सहज घेतली. प्रत्येक जण समोर येऊन आपलं नाव खणखणीत सांगायचा. एक वात्रट मात्र रोज सांगायचा, "मी हत्ती."

"हत्ती होय? मग आवाज चिमणीचा कसा?" म्हणत मावशी त्याला पांघरुणात गुंडाळायच्या.

सुटायच्या वेळी नवी बाई फाटकावरून नावं पुकारायची, तेव्हा मावशी आत चादरींच्या घड्या घालत असायच्या. एखाद्या नावाला हात थांबायचा. पुन्हा घडी सुरू व्हायची.

वर्षानंतरच्या तपासणीत गाठ पुन्हा दिसली नाही. दवाखान्यातून निघून दोघं बसस्टॉपवर बसली. समोरून एक बाई आली, मावशींकडे बघून हसली. मावशीही हसल्या. बाई शेजारी टेकली आणि तिनं आपल्या गुडघ्यांपासून जावयाच्या बदलीपर्यंत सगळं सांगितलं. मावशींनी विचारपूस केली, हळहळ व्यक्त केली, गुडघे शेकायला सांगितलं. तिची बस आली, ती गेली.

"कोण गं ती?" नवऱ्यानं विचारलं.

"काय माहीत! आवाजही कधी ऐकल्यासारखा वाटला नाही," मावशी म्हणाल्या. "पण जावई बरा दिसतोय तिचा."