सासूबाईंचा अंगठा

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्याच सुमारास सासूबाई ठाण्याला नौपाड्यात एका बाईंकडे अॅक्युप्रेशर शिकायला जाऊ लागल्या. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. घरात लाकडी रोलर आला. सासऱ्यांची कंबर, शेजारणीची अर्धशिशी, सगळ्यांवर प्रयोग सुरू झाले.

मी ऑफिसातून आले की हाक यायची, "ये गं, पाय दे इकडे."

सासूने सुनेचे पाय हातात घ्यायचे? मला अवघडल्यासारखं व्हायचं. माहेरी बोलले, तर आई म्हणाली, "उगीच कोण सुनेचे पाय दाबतंय? जपून राहा."

ते डोक्यात बसलं. मग लक्षात यायला लागलं, की डोकं दुखो नाहीतर मान, सासूबाईंचा अंगठा फिरून फिरून घोट्याच्या आतल्या बाजूला येतो.

"इथं दुखतं?"

"नाही."

"नीट सांग हं," म्हणत त्या माझा चेहरा न्याहाळायच्या.

नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. "तिला नवीन छंद लागलाय अगं. तू पण ना!"

शेवटी एकदा मीच विचारलं, "आई, या जागी नक्की काय असतं?"

त्या गडबडल्या. रोलर उचलला, पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "गर्भाशयाचा बिंदू आहे तो. वर्ष होत आलं ना लग्नाला..."

मी पाय ओढून घेतला. "मग सरळ विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुला राग आला असता."

राग तर आलाच होता. पुढे कित्येक दिवस मी पाय दिला नाही. डोकं दुखलं तर बाम चोळून गप्प पडून राहायची.

काही महिन्यांनी मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंकडून आले, नवऱ्याला गप्प राहायला बजावलं आणि संध्याकाळी आपणहून सासूबाईंपुढे पाय केला. त्या हरखल्या. डोळे मिटून, हलक्या हाताने त्यांनी टाचेपासून बोटांपर्यंत चाचपून पाहिलं. घोट्यापाशी जरा थांबल्याही.

"पोट बिघडलंय तुझं," त्या म्हणाल्या. "बाहेरचं खाणं बंद कर."

दुसऱ्या दिवशी मी बातमी सांगितली. त्यांचे डोळे भरून आले. देवापुढे साखर ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मला कालच कळलं होतं, पण म्हटलं, तुझ्या तोंडून ऐकावं."

खरं बोलत होत्या की काय, देव जाणे.