पाहिले

माझ्या लेकीच्या, सईच्या वर्गाची एक वेबसाइट आहे. चित्रकलेचा गृहपाठ मुलांनी तिथे चढवायचा आणि बाई खाली शेरा लिहितात. सईच्या प्रत्येक चित्राखाली ‘वा, किती सुंदर!’ असतं. ते वाचून बापाची छाती फुगायला हवी. माझ्या मात्र पोटात दुखतं. आमच्या सरांनी माझ्या चित्रकलेच्या वहीत लाल शाईने ‘पाहिले’ याखेरीज कधी काही लिहिलंच नाही. केस पिकतात हो, पण कौतुकाला हपापलेला माणूस हपापलेलाच राहतो.

परवा राहवेना. दोन डोंगर, मधून सूर्य आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी, असं माझं ठेवणीतलं चित्र काढलं आणि गुपचूप सईच्या नावावर चढवलं. संध्याकाळी बाईंचा शेरा आला, ‘सई, आज घाई झाली का गं?’

“बाबा, माझं नाव घालवलंस!” म्हणत सईने तिथेच खाली लिहून टाकलं, ‘बाई, हे चित्र माझ्या बाबांनी काढलंय.’

आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने बाईंचं उत्तर उमटलं.

‘पाहिले.’