सोनचिखल्याला साक्षीदार हवा

पळ्ळिकरणैच्या पाणथळीवरून घरी आलं की पॅन्टच्या घडीत दोन गोष्टी सापडतात, वाळलेला चिखल आणि एखादा किस्सा. चिखल धुतला जातो. किस्से मात्र साठत गेलेत!

ऑगस्टात चेन्नईचा उन्हाळा काही संपलेला नसतो. पण रात्री एखादी दणकट सर येऊन जाते आणि सकाळी चिखलावर बोटभर पाणी, पाण्यात अख्खं आभाळ. त्या आभाळात सैबेरियाहून आलेले पक्षी निवांत चालत असतात. आपण नक्की जागे आहोत ना, असं वाटतं.

पक्षी बघणारी आमची टोळी चौघांची. पेरुंगुडीच्या आयटी ऑफिसातला मी, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातला देशपांडे आणि वेस्ट मांबलमचे राव मामा-मामी. मामा तंजावरी मराठी, रेल्वेतून रिटायर झालेले. कायदा त्यांनीच केलेला: एकट्याने पाहिलेला पक्षी यादीत धरायचा नाही, दुसऱ्याची साक्ष हवी. आणि साक्षीदाराला ते हटकून विचारणार, "तोंड कुठे होतें त्याचें?"

*

देशपांडेला पहिल्याच रविवारी सोनचिखल्या सापडला. पाठीवर सोनेरी ठिपके असलेला हा पाहुणा म्हणजे मामांचा जीव की प्राण. देशपांडे कुजबुजला, "हलत पण नाही हो! काय समाधी लागलीय!"

मामांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं.

"चप्पल आहे. डाव्या पायाची."

*

एकदा ऑफिसच्या दिवशीच मी तिथे थांबलो होतो. मॅनेजरचा फोन आला. "कुठे आहेस?"

"ट्रॅफिकमध्ये, सर!"

तेवढ्यात शेकडो टिलवे किलबिलत डोक्यावरून गेले. मॅनेजर म्हणाला, "हॉर्न छान आहेत!"

*

नाईट शिफ्ट करून आलेला देशपांडे एकदा डोळ्यांना दुर्बीण लावून उभ्या उभ्या झोपला. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चरत चरत अगदी त्याच्या बुटांपर्यंत आले. मी त्याला हळूच हलवलं. त्याने डोळे उघडले, शेकाटे पाहिले आणि डोळे पुन्हा मिटून घेतले.

"स्वप्नात जास्त आहेत रे."

*

मामी दर रविवारी यायच्या, पण पाण्याकडे पाठ करून स्टुलावर बसायच्या आणि मल्लीचा गजरा गुंफायच्या. मी एकदा विचारलं, "मामी, मग येता कशाला?"

"हे चिखलांत पडले तर उचलणार कोण? तुमचे पक्षी?"

*

मग मामांची नजर जायला लागली. गेलेली परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामांना एकच हवं होतं, मोसमातला पहिला सोनचिखल्या आणखी एकदा स्वतः बघायचा. दर रविवारी ते डोळे पुसून पुसून बघायचे.

त्या रविवारी पहाटेपर्यंत पाऊस होता. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, तेच कळत नव्हतं. मामांनी एकदम हात वर केला.

"अदो, तिकडे! सोनचिखल्या! पाठीवर ऊन पडलें आहे पाहा!"

मी दुर्बीण लावली. देशपांडेनेही लावली. चिखल, पाणी, वाफ. इकडून तिकडे फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. बरं, होकार द्यावा तर पुढचा प्रश्न ठरलेला!

मामांचा हात हळूहळू खाली आला. "कोणीच पाहिलें नाही?"

देशपांडेने दुर्बिणीची काच पुसून पुन्हा लावली.

"म्या पाहिलें की," मागून मामी म्हणाल्या. पाठ पाण्याकडेच होती, बोटं गजऱ्यात.

मामा वळले. "तोंड कुठे होतें त्याचें?"

मामींनी गजऱ्याची गाठ घट्ट केली.

"तुमच्याकडे."