झिंगूला विमानात नेलं त्या दिवशी

सुमन, जरा अशी जवळ ये बाई, कागदातून का होईना. त्या दिवशी फोनवर "मावशी, गावठी कुत्र्याला विमानात बसवलंस म्हणे!" एवढं बोलून तू हसत सुटलीस अन् माझं काही ऐकून न घेताच फोन ठेवून दिलास. असं करतात का गं? म्हटलं, आता लिहूनच काढते सगळं. कागदाला तुला मध्येच तोडता येणार नाही.

तुला एवढं ठाऊकच आहे की दिवाळीनंतर आम्ही दोघं पोराकडे, प्रकाशकडे बंगलोरला गेलो अन् तिथंच तुझ्या काकाजींना लकवा मारला. हळूहळू हात हलायला लागला, पायही थोडा उचलला, पण जीभ काही वळेना. जन्मभर तळ्याच्या पाळीवर उभं राहून या काठावरून त्या काठाला हाक मारणारा माणूस, त्याच्या तोंडून साधं "पाणी" निघेना. बोलणं शिकवायला एक बाई घरी यायच्या. चित्रं दाखवायच्या, हे फूल, हे घर, ही गाय. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. पुढे पुढे घासही नाकारायला लागले. एकदा त्या बाईंनी कुत्र्याचं चित्र समोर धरलं, तर यांनी ते हातातून ओढूनच घेतलं अन् उशीखाली घातलं. बाई म्हणाल्या, "घरी कुत्रा आहे का तुमच्या? आणता येईल?"

आहे ना! लहान पिल्लू असताना वाळत घातलेल्या झिंग्यांवर हात मारायचा म्हणून यांनीच नाव ठेवलं, झिंगू. बारा महिने तळ्यावर यांच्या मागे डोंग्यात, त्या लहानशा होडीत बसणारा. तो गावी, लाखनीजवळ, माझा देर, यांचा धाकटा भाऊ नामा, याच्याकडे होता. मी एकटी परत आले त्याला न्यायला. खरं सांगते सुमन, तेव्हा माझं मन देवावरून उडालं होतं. आल्या दिवशी तळ्याकाठच्या मातामायीजवळ दिवा लावला तर हात जोडले, पण आतून काही जोडलं गेलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं तुझ्या तळ्यातलं खाल्लं, तुला पहिला मासा दाखवल्याशिवाय बाजारात नेला नाही, अन् तू यांची जीभच घेतलीस?

रेल्वेनं न्यायचं म्हटलं तर ढोरांचे डॉक्टर नाही म्हणाले. झिंगू म्हातारा, भर वैशाखात तापल्या डब्यात दिवसभर टिकणार नाही. मग विमान. आता विमानाच्या कंपनीला फोन लावणं म्हणजे काय, ते मला विचार! आधी एक बाई बोलते, ती खरी बाई नसते. हे दाब, ते दाब. मग वाजंत्री सुरू. मध्येच ती बाई सांगते, तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे. इतका मोलाचा आहे तर उचल ना माय! कोणी म्हणे कुत्रं जवळ घेऊन बसता येईल, दुसरा म्हणे छे, सामानाच्या खणात, तिसरी म्हणे आज नक्की सांगता येत नाही. एक पोरगी बिचारी गोड होती. "आंटीजी, ब्रीड कौनसी है?" म्हटलं, गावठी. ती विचारते, "नाक चपटी तो नहीं है ना? चपटी नाकवालों को ले नहीं जाते." म्हटलं, बेटी, नाक माझ्या देराच्या नाकासारखं लांब आहे. नामा बाजूलाच बसला होता. म्हणतो, "वहिनी, कुत्र्यापायी माही इज्जत कायले काढून राहिल्या?" मी कितीतरी दिवसांनी हसले.

शेवटी ठरलं. झिंगू खालच्या खणात जाईल, पण पिंजरा मजबूत पाहिजे, हवा खेळती पाहिजे, आत उभं राहून वळता आलं पाहिजे. प्रकाशनं फोनवर एवढंच सांगितलं अन् आम्ही तेवढंच ऐकलं. नामानं झिंगूला उभं करून विती मोजल्या अन् बुरडाकडून बांबूचा पिंजरा विणून घेतला. काय सुंदर झाला होता गं! दाराला जाळ्याच्या दोऱ्यानं गाठी मारल्या. नामा म्हणे, "या गाठीतून वाघूर मासा सुटत नाही, तं झिंग्या काय सुटते!" गावातली माणसं पिंजरा पाहायला यायची. कोणाच्या मनात आलं नाही की विमानवाल्यांना बांबू चालतो का विचारावं. आमच्यात मजबूत म्हटलं की बांबूच.

नागपूरच्या विमानतळावर नामाला काचेबाहेर थांबावं लागलं. मी हातगाडीवर पिंजरा अन् त्यात झिंगू, अशी आत गेले. काउंटरवरच्या मुलीनं पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "काकू, हा चालणार नाही हो. कडक प्लास्टिकचा लागतो, लोखंडी दाराचा. कुत्रा दातानं बांबू फोडेल अन् खाली सुटला तर त्याचाच जीव जाईल." मी फोनवरच्यांची नावं सांगितली, भांडले, रडले. तिनं वरच्या साहेबाला विचारलं, तोही नाहीच म्हणाला. मुलगी वाईट नव्हती, नियम तिच्या हातात नव्हता. ती हळूच म्हणाली, "दुसरा पिंजरा मिळतो का बघा. काउंटर उघडा आहे तोवर मी आहे."

बाहेर आले. सकाळची वेळ, दुकानं उघडायची होती. नामा ऑटोवाल्यांना विचारत इकडेतिकडे धावायला लागला. मी मात्र तिथंच फरशीवर झिंगूजवळ बसले. तिकडे ते उपाशी पडलेत अन् मी इथे बांबूला टेकून बसले आहे. आतापर्यंत मी सगळं आवळून धरलं होतं, हा फोन, तो कागद, याला बोल, त्याला बोल. त्या घडीला माझी मूठच सुटली. मी काही मागितलंही नाही. एवढंच म्हटलं, माय, मला येत होतं तेवढं केलं. आता तुझं तू बघ.

अन् कानावर भांडण आलं. थोड्या अंतरावर एक बाई गाडीवाल्याशी हुज्जत घालत होती. दिल्लीहून आत्ताच उतरलेली, सोबत पिवळसर मोठा कुत्रा, अन् हातगाडीवर रिकामा पिंजरा, राखाडी, कडक, लोखंडी दाराचा. गाडीवाला म्हणत होता, "मॅडम, कुत्रा बसंल नाहीतर पिंजरा. दोन्ही कसे बसन?" सुमन, मी उठले कधी अन् तिच्यापुढे जाऊन उभी राहिले कधी, मला आठवत नाही. बोलायला तोंड उघडलं तर माझ्याच तोंडून शब्द निघेना. मी नुसतं बोट दाखवलं, तिच्या पिंजऱ्याकडे, माझ्या झिंगूकडे, आत काउंटरकडे. तिला सगळं समजलं. म्हणाली, "घेऊन जा ना काकू. आम्ही आता कायमचे घरी आलो, मला हा ठेवायचा कुठे हाच प्रश्न होता." तिची अडचण अन् माझी अडचण एकमेकींची वाट पाहत दहा पावलांवर उभ्या होत्या.

झिंगू त्यात जायला तयार होईना, परक्या कुत्र्याचा वास. नामानं आपल्या गळ्यातला दुपट्टा काढून आत अंथरला अन् त्याच्या कानाशी म्हणाला, "जाय बे झिंग्या. दादाले सांग, डोंगा एकटाच बसून राह्यला म्हणून." तेव्हा गेला. मी वळून पाहिलं तर ती बाई गाडीत बसून निघालीसुद्धा होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. काउंटरवरच्या मुलीनं आम्हाला पाहून टाळीच वाजवली. दाराचे स्क्रू हलवून पाहिले, चिठ्ठी चिकटवली अन् जाळीतून बोट घालून झिंगूला म्हणाली, "आता आजीला त्रास नको देऊ."

विमानात मी खालीच कान देऊन होते. वाटे, भुंकेल, ऐकू येईल. काही ऐकू आलं नाही. पण मन घाबरलं नव्हतं गं, मलाच नवल वाटत होतं. बंगलोरला तो हातगाडीवरून आला तो शेपटी आपटतच. बाहेर निघताच त्यानं पहिल्या खांबापाशी जो पाय वर केला तो कितीतरी वेळ खाली घेतला नाही. प्रकाश हसून हसून दमला.

घरी हे नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून होते. झिंगू खोलीभर हुंगत गेला अन् यांच्या अधू हातावर हनुवटी ठेवून बसला. हे वळले. ओठ किती तरी वेळ थरथरले. मग शब्द आला, तुटका, पण आला, "झिं... गू." त्या दुपारी यांनी वाटीभर भात खाल्ला, अर्धा त्याला चारला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

कोणी म्हणतं ती बाई म्हणजे मातामायच होती. मी तसं म्हणत नाही. ती दिल्लीहून आलेली बाईच होती, तिच्या कुत्र्यानं माझं लुगडंही चाटलं. पण तिला त्याच वेळी, त्याच दारात कोणी उभं केलं, हे मी विचारत नाही, नुसते हात जोडते. यांना जाळं फेकताना मी आयुष्यभर पाहिलं आहे. शेवटी हात मोकळा सोडावा लागतो, तेव्हाच ते पाण्यावर पसरतं. आवळून धरलं तर पायाशीच पडतं. मला एवढी साधी गोष्ट म्हातारपणी कळली.

आता थंडी पडल्यावर आम्ही तिघंही गावी आलो आहोत. यांचं बोलणं अजून पुरतं आलं नाही. पण एक मौज आहे. माणूस समोर आला की त्याचं नाव जिभेवर येतं, फोनवर किंवा फोटोत पाहून येत नाही. नामा आला, "नामा" म्हणाले. शेजारची कौसल्या आली, तिचंही आलं. तुझा फोटो दाखवला तर नुसते हसतात अन् ओठ हलवतात. तेव्हा सुमन, लवकर ये. तुझं नाव यायचं राहिलं आहे.