हैदराबादचा माहीतगार

हैदराबाद मी एकदाच पाहिलं होतं, आणि तेही बहुतेक अंथरुणावरून.

पेढीच्या कोर्टाच्या कामाला गेलो होतो. गाडीतली भजी बाधली. कोर्टापुरता उठलो तेवढाच. चारमिनार दिसला तो टांग्यातून, मागे वळून. पण जालना तेव्हा हैदराबाद राज्यात, आणि राजधानी पाहून आलेला म्हणून जुन्या जालन्यात माझा भाव वाढला. कुठं उतरायचं, कुठं खायचं, काय पाहायचं, लोक मलाच विचारू लागले. ‘माहीत न्हाई’ म्हणणं जिवावर यायचं, म्हणून एकाकडून ऐकलेलं मी दुसऱ्याला सांगायचो. (कुणी तक्रार घेऊन आलाच, तर ‘तुम्ही उजवीकडं वळला असाल’ म्हणून वाटेला लावायचो.)

अशात आमच्या शेठजींनी हैदराबादला कापडाची शाखा काढायचं ठरवलं. मी त्यांचा मुनीम.

“मुनीमजी, तुम्हाला तिथलं सगळं बराबर माहीत हाय. आम्हाला शहर दाखवा, मंग शाखा तुम्हीच सांभाळा.”

शेठाणी निघाल्या, म्हणून माझी बायकोही निघाली. घरात नळ असलेलं बिऱ्हाड तिला हवं होतं, आणि ते या शाखेवरच अवलंबून होतं.

धर्मशाळा काचीगुड्याला होती. मी सगळ्यांना सिकंदराबादलाच उतरवलं आणि गाडी बिचारी काचीगुड्याला निघून गेली. टांगा इतका चालला की शेठाणींना डुलकी लागली.

“लांब हाय की हो,” शेठजी म्हणाले.

“शहर दिसावं म्हणून मुद्दाम इथं उतरवलं,” मी म्हणालो. मग टांगेवाल्याशी भाड्यावरून जी हुज्जत घातली, तिच्यात माझी सकाळ गेली.

दुपारी चारमिनार पाहिला. शेजारच्या बाजारात बायका बांगड्यांत रमल्या आणि उन्हं कलली. शेठजी जैन. दिवस मावळल्यावर अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही घेत नसत.

“मुनीमजी, जेवणाचं काय?”

“मागच्याच गल्लीत शुद्ध मारवाडी भोजनालय आहे. फुलका तुपात बुडतो.” अर्ध्या जालन्याला मी ते भोजनालय सांगितलं होतं. स्वतः पाहिलं नव्हतं, एवढंच.

पहिल्या गल्लीत अत्तरवाला भेटला. दुसरीत जरीवाले. तिसरीत कबाबाचा असा धूर होता की शेठाणींनी पदर नाकाला लावला तो सोडलाच नाही.

“कुणाला तरी विचारा की,” बायको कानाशी म्हणाली.

“माहीतगार माणूस विचारतो का कधी?”

चौथी गल्ली आम्हाला पुन्हा अत्तरवाल्यापुढं घेऊन आली.

“फिर आ गए मियाँ? कहाँ जाना है?”

“कहीं नहीं. मेहमानांना शहर दिखा रहे हैं,” मी ऐटीत म्हणालो.

शेठजी आता माझ्याकडं न पाहता आभाळाकडं पाहत होते. मालकाला माझ्यापायी उपाशी झोपावं लागलं असतं, आणि शाखा तर गेलीच असती. तेवढ्यात बायकोनं पिशवीतून डबा काढला. आत दशम्या होत्या.

“ह्या कधी केल्या?” मी विचारलं.

“तुम्ही टांगेवाल्याशी भांडून राह्यल्ते, तवा धर्मशाळेच्या चुलीवर. शेठाणीबाईंना विचारलं, लसूण चालत न्हाई म्हणल्या. मंग बिनलसणाच्या केल्या.”

“पण डबा बांधायचं सुचलं कसं?”

“तुमच्यासंगं संसार करून राह्यले ना मी.”

अत्तरवाल्यानं बाकडं झटकून दिलं. हिन्याच्या वासात शेठजींनी दशम्या खाल्ल्या, आपल्या लोट्यातलं पाणी प्याले, आणि दिवस मावळला. मग बायकोनं अत्तरवाल्याला भोजनालयाचं विचारलं.

“वो? मेरी दुकान के पीछे हैच ना.”

“बघा, मी म्हणत होतो की नाही,” मी म्हणालो. शेठजी लोटा उचलून टांगा बघायला निघाले.

जालन्याला परतल्यावर शेठजींनी शाखा आपल्या पुतण्याला दिली.

“पण शेठजी, त्यानं हैदराबाद बघितलंसुद्धा न्हाई,” मी म्हणालो.

“म्हणूनच. त्याला माहीत न्हाई, तर तो लोकांना विचारील. तुम्ही विचारत न्हाई.”

पुतण्या खरंच विचारणारा निघाला. निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला आणि हैदराबादला कुठं उतरायचं, कुठं खायचं, असं त्यानं मलाच विचारलं.

बायको आतून डोळे वटारत होती. मी त्याला जवळ बसवलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं.