फायरप्लेस, अण्णा आणि मधला स्पीकर

आमच्या डोंबिवलीच्या घरात फायरप्लेस आहे.

हे वाक्य मी कुठेही बोललो की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग पंख्याकडे. डोंबिवलीत थंडी पडते ती जानेवारीत, साधारण अडीच दिवस, आणि त्यातही दुपारी पंखा लावावाच लागतो. पण नवीन फ्लॅटच्या फर्निचरचं काम काढलं तेव्हा मोबाइलवर मी एक फोटो पाहिला. दगडी भिंत, खाली विस्तव, वर भलामोठा टीव्ही. डोक्यात बसला तो बसलाच! (आमचा विस्तव खरा नाही. विजेवर चालणाऱ्या नकली ज्वाळा आहेत. बटण दाबलं की नाचतात, दुसरं बटण दाबलं की गरम हवाही येते. दुसरं बटण आजवर एकदाच दाबलं गेलंय, तेही झाडू लागून.)

सुतारमामांनी जन्मात फायरप्लेस पाहिलेली नव्हती. "साहेब, मूर्ती किती इंचाची आहे?" असं ते शेवटपर्यंत विचारत राहिले. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "यात भाकरी होते का हो?" आणि माझी बायको वैशाली एवढंच म्हणाली, "चपला ठेवायला बरी जागा झाली." मी सगळं पचवलं. कलावंताला घरात किंमत नसतेच.

फायरप्लेसच्या वर एक लाकडी फळी आणि फळीच्या वर टीव्ही. त्यामुळे टीव्ही इतका उंच गेला की आम्ही सगळे न्हाव्याकडे दाढीला बसल्यासारखे मान मागे टाकून बघायचो. त्याचंही मला काही वाटलं नाही. वाटलं ते अण्णांचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पॉवर प्रेस चालवला. दिवसभर धाड धाड धाड! रिटायर झाले तेव्हा हातात एक घड्याळ मिळालं आणि कान मशीनवर राहिले. पण हे ते कधीच कबूल करत नाहीत. "माझे कान शाबूत आहेत. तुम्हीच पुटपुटता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कानाच्या मशीनचा विषय काढला की लगेच पेपर उघडतात.

तरी साडेसातची मालिका आम्ही बापलेक वर्षानुवर्षं एकत्र बघत आलोय. मालिका मला आवडते असं नाही. मला अण्णांची कॉमेंटरी आवडते. "हिला काही अक्कल नाही", "हा आता खोटं बोलणार बघ", असं त्यांचं चालू असतं. पण नव्या घरात आलो आणि आठवड्याभरात अण्णांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. साडेसात वाजले की आतल्या खोलीत जाऊन सकाळचाच पेपर पुन्हा वाचायचे. वैशालीने विचारलं तर "कंटाळा आला गं मालिकांचा." खरं सांगतो, मला करमेना. एवढा मोठा टीव्ही, खाली नाचत्या ज्वाळा, आणि शेजारची खुर्ची रिकामी.

"त्यांना ऐकू येत नसेल," मी वैशालीला म्हणालो.

"माझं तर सगळं ऐकू येतं त्यांना."

"सुनेचं सगळ्यांनाच ऐकू येतं!"

शेवटी मी माझ्या मेहुण्याला, प्रशांतला फोन लावला. हा ठाण्याला कोपरीत राहतो आणि आवाजातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज आहे. त्याने माझं ऐकलं आणि डॉक्टरसारखा मोठा श्वास सोडला.

"जिजू, तुमच्याकडे मधला स्पीकर आहे?"

"दोन आहेत. एक डावा, एक उजवा."

"म्हणजे मधलाच नाही! अहो, सिनेमातलं बोलणं सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. आजूबाजूच्यातून नुसता पाऊस आणि मारामारी! अण्णा बिचारे पाऊस ऐकतायत इतके दिवस!"

मला एकदम अपराधी वाटलं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं अण्णांना घेऊन ठाण्यातल्या एका दुकानात गेलो. तिथे एक अंधारी, थंडगार खोली होती. दुकानदाराने आम्हाला मऊ खुर्च्यांत बसवलं आणि हेलिकॉप्टर लावलं. ते आमच्या डोक्यावरून तीनदा गेलं. प्रशांत खाली वाकला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. दुकानदाराने दिवा लावून अदबीने विचारलं, "काका, कसा वाटला आवाज?"

"एसी फार छान आहे," अण्णा म्हणाले.

मी प्रशांतच्या कानाशी लागून कुजबुजलो. प्रशांतही कुजबुजला, "म्हाताऱ्याला काही कळत नाहीये, जिजू. तुम्ही ठरवा, ते हो म्हणतील." अण्णा आमच्याकडे बघून गोड हसले. मला भरून आलं.

दुकानदाराने ट्रायलला म्हणून तीन स्पीकर दिले आणि रविवारी दुपारी, मालिकेचे मागचे भाग पुन्हा लागतात त्या वेळेला, आमच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू झाला.

पहिला स्पीकर फळीवर ठेवला, तर तो इतका उंच की टीव्हीचा खालचा भाग झाकला गेला. मालिकेतल्या सासूबाई थेट पोटापासून सुरू झाल्या. दुसरा इतका छोटा की त्यातून सासूबाईंचा आवाज डास गुणगुणल्यासारखा यायला लागला. तिसरा मात्र आवाजाला खणखणीत होता! पण प्रशांतने कपाळाला आठ्या घातल्या.

"अण्णा खुर्चीत बसले की आवाज त्यांच्या डोक्यावरून जाणार. स्पीकर उंच आहे ना! याचं तोंड खाली करायला पाहिजे. मागून काहीतरी टेकू द्या."

मी पुस्तक घातलं, कमी पडलं. डबा घातला, जास्त झाला. मग प्रशांत स्वयंपाकघरात गेला आणि विजयी मुद्रेने लाटणं घेऊन आला.

"अरे, माझ्या पोळ्या व्हायच्यात!" वैशाली आतून ओरडली.

"ताई, पाच मिनिटं! अँगल परफेक्ट बसलाय!"

अँगल खरंच परफेक्ट बसला होता. फक्त लाटणं गोल असतं, हा मुद्दा दोन इंजिनिअरांच्या लक्षात आला नाही. (मी कॉमर्सचा आहे, प्रशांत बारावी. पण त्या क्षणी आम्ही इंजिनिअर होतो.) पडद्यावर सूनबाई रडायला लागल्या, स्पीकर थरथरला, लाटणं हललं आणि तो आठ किलोचा ठोकळा शांतपणे पुढे निघाला. मी झेप घेतली. स्पीकर हातात आला नाही, फळी आली. सुतारमामांनी फळी मूर्तीच्या हिशोबाने ठोकलेली, माझ्या हिशोबाने नाही. मी, फळी आणि स्पीकर एकाच वेळी खाली आलो. स्पीकर माझ्या अंगठ्यावर बसला, वायरींचा अख्खा जुडगा उपटून आला आणि वर टीव्ही एका बाजूने लोंबकळायला लागला.

"धरा! धरा!" असं मी ओरडत होतो. धरायला प्रशांत एकटाच होता. तो सोफ्यावर चढून टीव्हीला मिठी मारून उभा राहिला. लाटणं गडगडत स्वयंपाकघराकडे गेलं आणि वैशालीने ते उचलून धुवायला घेतलं. आम्हाला नंतर विचारलं.

आतून अण्णा धावत आले. "काय झालं? लादी हादरली!"

टीव्ही उतरवून आम्ही तात्पुरता अण्णांच्या जुन्या लोखंडी ट्रंकेवर ठेवला आणि तो चालू होतोय का ते बघितलं. चित्र आलं. आवाज नाही. मी अंगठा बर्फात घालून बसलो. सगळं मुसळ केरात गेलं होतं. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांना आता ना पाऊस ऐकू येणार होता, ना मारामारी.

तेवढ्यात अण्णा आपल्या खुर्चीत बसले. दोन मिनिटांनी मांडीवर थाप मारून म्हणाले, "हिला काही अक्कल नाही! सगळ्यांसमोर कशाला सांगायचं, दागिने बहिणीकडे ठेवलेत म्हणून?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

वैशाली त्यांच्या समोर गेली. "अण्णा, टीव्हीला आवाज नाहीये."

"मग?" अण्णा म्हणाले. "प्रेसवर कुणाचा आवाज ऐकलेला मी तीस वर्षं? तिथे सगळे ओठच बघायचो. फोरमन वीस फुटांवरून शिवी द्यायचा, तीही कळायची."

मग मला उगाच आठवलं, की दुसऱ्या भाषेतले डब केलेले सिनेमे लागले की अण्णा चिडून उठतात. "माणसं एक बोलतात, तोंडं दुसरंच हलवतात!" मला वाटायचं, कलेची जाण आहे.

"मग हॉलमध्ये बसायचं का सोडलंत?" वैशालीने विचारलं.

अण्णा जरा ओशाळले. "मान वर केली की चष्म्याचा खालचा भाग डोळ्यांसमोर येतो गं, पेपर वाचायचा. नुसतं धुकं दिसतं. ओठ कसले दिसतायत! पण संजूने एवढ्या हौसेने ती चूल केलेली. म्हटलं, कशाला पोराचा हिरमोड करा."

बाप महिनाभर शिळा पेपर वाचत बसला, माझ्या नकली ज्वाळांचं मन राखायला! पण तेवढ्यात मला दुकानातली ती कुजबूज आठवली आणि मी प्रशांतकडे बघितलं. तो आधीच दाराकडे सरकत होता.

"बस रे प्रशांत," अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्याला कळतं थोडंथोडं."

टीव्ही आता ट्रंकेवरच असतो. तिन्ही स्पीकर दुकानात परत गेले. अण्णांची कॉमेंटरी साडेसातला पुन्हा सुरू झाली आणि माझं घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. एक शंका मात्र राहिली होती. एके संध्याकाळी वैशालीला मध्ये बसवून मी ती विचारून घेतली. सगळ्यांचं सगळं कळतं, मग माझ्याच बोलण्यावर इतकी वर्षं नुसतं "हं, हं" का?

"मिशा," अण्णा म्हणाले. "ओठच दिसत नाहीत त्याचे. कॉलेजला गेल्यापासून काय बोलतो, काही कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशा उतरवल्या. गुळगुळीत ओठ घेऊन चहाला अण्णांच्या समोर बसलो आणि वीस वर्षांचं साठलेलं बोललो. ऑफिस, सोसायटीची मीटिंग, फायरप्लेसमागची माझी कल्पना, सगळं. अण्णांनी नजर न हलवता शेवटपर्यंत वाचलं. मग चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"वाढव परत," ते म्हणाले. "मिशा होत्या तोवर वाटायचं, पोरगा काहीतरी शहाणपणाचं बोलत असेल."