शिंगाची याद

ठासणीच्या बंदुकीची दारू ठेवायचं चपटं शिंग मी एका प्रदर्शनात पाहिलं आणि डोक्यात किडा वळवळू लागला. मुळात गोल असलेलं शिंग चपटं होतं तरी कसं?

धाड गावच्या बाजारात म्हशीच्या शिंगाच्या फण्या विकणारे एक चाचा बसतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "घरी या, करूनच दाखवतो."

त्यांनी एक पोकळ शिंग उकळलं, मग विस्तवावर फिरवलं. केस जळल्यासारखा वास सुटला. शिंग मऊ पडल्यावर त्यांनी ते दोन फळ्यांमध्ये घालून शिकंजा आवळला. मी दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होते.

"थंडं होऊ द्या न ताई."

संध्याकाळी चपटं शिंग घेऊन मी घरी आले. पण त्याचा वास जाईना, म्हणून ते उकळत्या पाण्यात टाकलं. थोड्या वेळानं पाहते, तर शिंग फुगून पुन्हा गोल!

दुसऱ्या दिवशी ते शिंग घेऊन तणतणत चाचांकडे गेले. "तुमचं काम कच्चं आहे."

"गरम पाण्यात टाकलं असन."

"हो. मग?"

"मंग चिडता काऊन? दाबलं तं दबते ते. पण म्हशीच्या डोक्यावर कसं होतं, हे त्याले याद राह्यते. आणा इकडे, पुन्हा दाबतो."

त्यांनी हात पुढे केला. माझ्या हातून मात्र शिंग सुटेना.